चाखल्याशिवाय गूळ नाही

पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरजवळच्या प्रयागाच्या संगमापासून हाकेच्या अंतरावर सयाजीरावांचे गुऱ्हाळ होते, आणि त्या गुऱ्हाळाचा कायदा एकच होता: चाखल्याशिवाय गूळ कुणाला न्यायचा नाही. गिऱ्हाईक पुण्याचे असो की बेळगावचे, आधी त्याच्या तळहातावर कोमट गुळाचा खडा पडे, तो तोंडात विरघळे, मान डोले, आणि मगच रवा, म्हणजे गुळाची ढेप, तराजूवर चढे. घाईत असलेला एखादा "राहू द्या हो, तुमच्या शब्दावर नेतो," म्हणाला, तर सयाजीराव त्याला कोपरापासून हात जोडत आणि म्हणत, "माजा शबूद काय गोड हाय व्हय, पावणं? गूळ गोड हाय. त्यो खावा."

अशा ठिकाणी, जानेवारी सरता सरता, एका पहाटे नदीच्या धुक्यातून एक मुलगा आला.

त्याला प्रथम पाहिले ते सयाजीरावांच्या पूर्णिमेने. ती एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी गुऱ्हाळ, दुपारी कॉलेज असा तिचा हंगामाचा शिरस्ता होता. उसाचा रस जिच्यात उकळतो त्या अवाढव्य काईलीचे चित्रण करून ती मोबाइलवर टाकत असे आणि त्यावर दूरदूरच्या मागण्या येत. त्या पहाटे तिने मोबाइल वर धरला, तेव्हा काईलीखालच्या चुलवणापलीकडे उभा असलेला उंच, कुरळ्या केसांचा, अनवाणी मुलगा तिला डोळ्यांनी स्वच्छ दिसत होता. मोबाइलच्या पडद्यावर मात्र त्या जागी नुसती वाफ होती. तिने मोबाइल खाली केला, पुन्हा वर केला. मुलगा, वाफ. मुलगा, वाफ.

दुसरी एखादी किंचाळली असती. पूर्णिमा सयाजीरावांची लेक होती. "कुनीकडचं पावणं?" तिने विचारले.

मुलाने दोन्ही हात जोडले. "आम्ही वैतरणीकडील. आपली आज्ञा जाहली तर एक रवा गूळ न्यावयाचा आहे. नाद खुळा गूळ असतो म्हणे आपला."

पेशवाईत सुरू होऊन रंकाळ्यावर संपणारे ते मराठी ऐकून पूर्णिमेला हसू आवरेना. मग त्याने सारे सांगितले. त्याचे नाव एरिदान. यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, पुराणातली स्टिक्स आणि आपली वैतरणी या दोन नद्या पाताळात एका जागी मिळतात. त्या संगमावर त्याचे आजोबा नाव चालवतात आणि दोन्हीकडच्या मृतांना पैलतीरी पोहोचवतात. तो लहानपणापासून वल्ह्याशी बसत आला. मराठी शिकला तो उतारूंकडून.

"बाकी माणसे नावेत बसली की गप्प होतात," तो म्हणाला. "कोल्हापूरची माणसे पैलतीर येईपर्यंत बोलतात. आणि तेही जेवणावर. आमच्या राणीच्या कानांवर रोज गूळ, गूळ! शेवटी तिने मला धाडले."

राणीची हकीकतही त्याने सांगितली. पृथ्वीवर फुले वेचणाऱ्या मुलीला पाताळाच्या राजाने उचलून नेले. तिच्या आईने आकांत मांडला. सुटका व्हायची वेळ आली तेव्हा कळले की मुलीने तिथले डाळिंबाचे मूठभर दाणे खाल्ले आहेत. ज्या लोकाचे अन्न पोटात गेले त्या लोकाचे आपण होतो, असा तिकडचा नियम. पोटभर खाल्ले तर कायमचे. थोडे खाल्ले तर तेवढ्यापुरते. म्हणून राणी अर्धे वर्ष वर आणि अर्धे वर्ष खाली राहते.

"तो नियम मलाही लागू आहे. पाणी चालते, पाणी सगळ्या लोकांचे एकच. पण इथला घास घेतला तर मी इथला होईन. आजोबांचे हात थकले आहेत. तेव्हा गूळ न्यायचा, पण चाखायचा नाही."

पूर्णिमेने कपाळावर हात मारला. "आरं देवा! जगात इतकी गुऱ्हाळं असताना तू नेमका आमच्या आबांच्याकडं आलास?"

सयाजीरावांनी सारे ऐकून घेतले. पाताळ, वैतरणी, राणी, कशाचेही त्यांना विशेष वाटले नाही. अडले ते एकाच ठिकाणी.

"चाखनार न्हाय?"

"क्षमा असावी. नाही."

"मग गूळ बी न्हाय." आणि ते काईलीकडे वळले. "राणी असू दे न्हायतर तिचा बा असू दे."

आता जायचे तर राणीपुढे रित्या हाताने उभे राहायचे. राहायचे तर तीनच दिवस होते. कारण अंबाबाईचा किरणोत्सव त्याच दिवशी सुरू होत होता. मावळतीचे ऊन महाद्वारातून आत शिरते, गाभाऱ्यापर्यंत जाते, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना शिवते, दुसऱ्या दिवशी कमरेला आणि तिसऱ्या दिवशी मुखाला. सूर्य आपण होऊन अंधाराच्या भेटीला जातो तेवढे तीन दिवस पाताळाचेही दार उघडे असते. प्रयागाच्या संगमावर चार दिसणाऱ्या नद्यांना मिळणारी पाचवी, गुप्त सरस्वती, तीच एरिदानची वाट होती. तिसऱ्या दिवशी देवीच्या मुखावरून किरण उतरले की वाट बंद.

"तोवर आबांचं मन वळवू," पूर्णिमा म्हणाली. "काम कर. काम करनाऱ्या मानसाला आबा न्हाय म्हनत न्हाईत."

एरिदानने काम केले. चुलवणात उसाचे वाळके चिपाड सारायला तो बसला आणि वल्हे मारून घोटलेल्या त्याच्या दंडांनी असा एकसारखा जाळ धरला, की गूळ पाडणाऱ्या आकाराम गुळव्याने, जो स्वतःखेरीज कुणाची स्तुती करत नसे, नाकातून "हं" असा आवाज काढला. धुराने त्याच्या डोळ्यांना पाणी येत नसे, आचेने घाम फुटत नसे. पूर्णिमा त्याला काईलीची भाषा शिकवी: रसावरची मळी कधी काढायची, फेस केव्हा पिवळा पडतो, थेंब पाण्यात टाकून गोळी कशी पाहायची. तो पाही काईलीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त. पहिल्या सकाळी सूर्य उगवला तेव्हा तो चिपाडाची पेंढी हातात घेऊन तसाच उभा राहिला, आणि आकारामने ओरडेपर्यंत हलला नाही.

"आमच्याकडे हा रंग नाही," तो म्हणाला.

"कंचा? तांबडा?"

"कुठलाच."

 दुपारी कॉलेजला जाताना पूर्णिमेने उगाचच कपाटातून आपली पिवळीधमक ओढणी काढून घेतली.

खरे संकट वेगळेच होते. त्याचे नाव धोंडुबाई. सयाजीरावांची ही थोरली बहीण, ऐन तारुण्यात कपाळ पांढरे झाल्यावर माहेरी आली आणि माहेर तिने ताब्यात घेतले. पन्नाशी ओलांडलेले सयाजीराव तिच्यापुढे अजून टोपी सारखी करत. आणि धोंडुबाईच्या राज्यात पाहुणा उपाशी राहणे हा राजद्रोह होता.

"बारीक झालंय प्वार," पहिल्याच दिवशी तिने निकाल दिला. "ह्येच्या आजानं ह्येला खायला घातलं न्हाय वाटतं."

"आत्ती, त्याला चालत न्हाय. सांगितलं की तुला."

"मी कुठं जेव म्हनतो? एक भाकरी खा म्हनतो."

भाकरीनंतर झुणका आला, झुणक्यानंतर पांढरा रस्सा, मग "ह्यात काय हाय, नुसती हवा हाय," म्हणून चुरमुरे आले. एरिदान प्रत्येक वेळी उठून नमस्कार करी आणि नाही म्हणे. सयाजीराव दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी बोलेनासे झाले. घरी आलेला माणूस जेवत नाही याचा कोल्हापुरात एकच अर्थ होतो, आणि तो चांगला नसतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्णिमा त्याला स्कूटीवर मागे बसवून किरणोत्सवाला घेऊन गेली. वैतरणीच्या लाटांत न डगमगलेला तो नावाडी दसरा चौकातल्या वाहतुकीत डोळे मिटून बसला.

"मरतोय की काय मी?"

"मेलेल्यांस्नी रोज बघतोस की! ओळखायला येत न्हाय व्हय?" ती वाऱ्यात ओरडली, आणि तो इतका हसला की शेजारच्या रिक्षावाल्यानेही हसून घेतले.

देवळात गर्दी श्वास रोखून उभी होती. सोन्याची एक पट्टी फरशीवरून सरपटत गेली, उंबरा चढली आणि देवीच्या कमरेपर्यंत पोहोचून थांबली. घंटा वाजल्या. एरिदान तोंड उघडे टाकून बघत राहिला. इतक्यात एका बाईंनी प्रसादाचा पेढा त्याच्या ओठांशी नेला. पूर्णिमेने तो मधल्यामधे झेलला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. दुसरा पेढा आला, तोही कोंबला. गाल फुगलेल्या अवस्थेत ती त्याच्याकडे वळली आणि त्याच क्षणी तिला कळून चुकले, की उद्या संध्याकाळी हा मुलगा जाईल आणि आपल्याला ते मुळीच सोसणार नाही.

"थांब" म्हणणे सोपे होते. पण खाली एक म्हातारा थकल्या हातांनी वल्हे मारत वाट पाहत होता, आणि तिच्या शब्दाने हा थांबला तर तो म्हातारा तिच्या जिवाला लागून राहिला असता. तिने पेढे गिळले, शब्दही गिळला.

ही गोष्ट एरिदानच्या लक्षात आली नाही. धोंडुबाईच्या आली. भाचीचा पडलेला चेहरा तिने तिसऱ्या दिवशी सकाळी एकदाच पाहिला आणि तिचा बेत ठरला.

दुपार कलली होती. त्या दिवसाच्या रसाचे शेवटचे आधण काईलीत रटरटत होते. एरिदानने पाणी मागितले. धोंडुबाईने तांब्या भरून आणला, आणि इतक्या गोडीने पुढे केला की पूर्णिमेला संशय आला. आत्ती गोडीने कधीच काही देत नसे. तिने वाकून पाहिले. पाण्याला अंमळ सोनेरी झाक होती. तांब्या एरिदानच्या ओठांना लागणार, तोच तिने तो हाताने उडवला. काकवी कालवलेले पाणी मातीवर सांडले.

आकाराम काईल सोडून पुढे आला.

"काय केलंस ग, भवाने?" धोंडुबाई कडाडली. "तुझंच भलं करत हुतो की मी! ऱ्हायला असता न्हवं हितंच!"

"माझं भलं असं?" पूर्णिमेचा आवाज आत्तीच्याही वर चढला. "कोंबडं हाय व्हय त्यो आत्ती, दाणं टाकून धरायला? त्याच्या राणीला बी असंच धरलं हुतं. म्हनून ती गूळ गूळ करत बसलीया अंधारात!"

मग आपले भले त्याच्या राहण्यात आहे हे आपण सर्वांदेखत कबूल करून बसलो, हे ध्यानात येऊन ती कानांपर्यंत लाल झाली. एरिदान तिच्याकडे पाहत होता. किरणोत्सवात पाहत होता, तसाच.

धोंडुबाई मटकन खाली बसली. तिच्याशी आजवर असे कुणी बोलले नव्हते. पण ती न्यायाची बाई होती. पदराने कपाळ पुसून ती भावाकडे वळली.

"सयाजी," ती म्हणाली, "लेकीचं खरं हाय. आणि आपलं दुसरं बी चुकलंय. कीर्तनात ऐकलंस न्हवं, नचिकेताचं? यमाच्या दारात पोरगं तीन राती उपाशी बसलं. यम घरी न्हवता. घरी आला आणि घाबरला. प्रत्यक्ष यम! दारात पावणा उपाशी ऱ्हायला म्हंजे घराचं पुण्य गेलं. एका रातीला एक, असं तीन वर द्यावं लागलं त्येला. आणि आपल्या दारात ह्यो कवापासनं उपाशी हाय?"

सयाजीरावांनी टोपी सारखी केली. "तिसरा दिस, आक्का."

"मग? यमापेक्षा थोर हाईस तू?" ती उठून उभी राहिली, आणि तिचा आवाज पूर्ववत झाला. "ए पोरा, हिकडं ये. म्होरं हुबा ऱ्हा. तीन वर माग. लाजू नगंस. आमी खातंपितं घर हाय."

पाताळात आजवर कुणी एरिदानला काही माग म्हटले नव्हते. तो गोंधळला.

"पहिला," तो हळूच म्हणाला, "सयाजीरावांनी माझ्यावरचा राग सोडावा. त्यांच्या अन्नाचा मी अपमान केला नाही."

सयाजीराव पुढे आले. "राग कसला, लेका! जीव जळतोय. तू सुकून चाललास." आणि त्यांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो चुलवणापर्यंत जाऊन परत आला.

"दुसरा, राणीसाठी एक रवा. न चाखता."

हा वर कठीण होता. पणजोबांपासून चालत आलेला कायदा सयाजीरावांच्या चेहऱ्यावरून एकदा येरझार घालून गेला. अखेर त्यांनी आकारामला खूण केली, आणि आधल्या आधणाचा, केशरी रंगाचा, सर्वांत देखणा रवा कापडात बांधला गेला.

"तिसरा?"

एरिदान पूर्णिमेसमोर जाऊन उभा राहिला. "तीन दिवस मला सगळे खा म्हणत आहेत. राहतोस का, असे मला कुणीच विचारले नाही. पूर्णिमेने विचारावे. एकदाच. मग मी काय उत्तर देईन ते माझे."

पूर्णिमेने बांबूला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर किरणोत्सव चालू होता. सोन्याची पट्टी उंबऱ्यावर आली होती. वेळ थोडा होता.

"आनि तुझं आजोबा?" ती म्हणाली.

"हा तर दुसराच प्रश्न झाला."

"पन त्यो आधी हाय."

एरिदानने मान डोलावली. जणू हेच ऐकायला तो थांबला होता. "राणी अर्धे वर्ष आपल्या आईची असते. मी अर्धे वर्ष आजोबांचा राहीन. तिला कुणी विचारले नव्हते, तिने न कळता खाल्ले. मी कळून खाईन. अर्धपोटी. आता विचार."

पूर्णिमेने पदर नव्हता म्हणून पिवळ्या ओढणीचे टोक मुठीत धरले. "ऱ्हातोस?" ती म्हणाली. आणि मग, तेवढ्याने भागेना म्हणून, "ऱ्हा की रं."

"राहतो."

जल्लोष झाला असता, पण आकारामने हात वर केला. "थांबा. अर्धपोटी म्हनालाय त्यो. आपल्या हितं कोन अर्धपोटी उठलंय कवा?"

सर्वांच्या माना धोंडुबाईकडे वळल्या. अडचण बिकट होती. पोट भरले तर मुलगा कायमचा इथला होईल, आणि म्हातारा कायमचा एकटा. धोंडुबाईच्या हाताला मात्र वाढणे तेवढे ठाऊक होते. थांबणे त्या हाताला कुणी शिकवलेच नव्हते.

कोमट गूळ वाटीत आला. एरिदानने पहिला घास तोंडात घातला. त्याचे डोळे विस्फारले. त्याने काही म्हणण्याचा प्रयत्न केला, ते जमले नाही, आणि त्याने दुसरा घास घेतला. धोंडुबाईचा हात आपसूक गुळाकडे गेला.

"आक्का!" सयाजीराव गरजले.

तिने हात मागे घेतला आणि दोन्ही हात बगलेत कोंबले. तिसरा घास. "आनि इतकुसा..." तिच्या तोंडून निघाले. पूर्णिमेने तिच्या तोंडावर ओढणी धरली. सयाजीरावांनी पाठ फिरवली, कारण वाटी रिकामी होताना पाहून गप्प बसणे त्यांच्या रक्तात नव्हते. आकाराम आकाशाकडे बघू लागला. वाटी अर्धी झाली, आणखी उतरली, संपली. गुऱ्हाळाच्या इतिहासात प्रथमच पाहुण्याची वाटी रिकामी झाली आणि कुणी चकार शब्द काढला नाही. त्या शांततेत सगळ्यांच्या कपाळावर घाम उभा राहिला.

एरिदानने पोटावर हात ठेवला. अदमास घेतला. मग त्याने सगळ्यांकडे एकेकदा पाहिले, पूर्णिमेकडे थोडे अधिक, आणि आपण होऊन वाटी पुढे केली.

"आजोबांना अर्ध्याहून थोडे कमी चालेल," तो म्हणाला. "अजून एक घास वाढा."

धोंडुबाईने जो आनंदाचा चीत्कार केला, तो नदीपलीकडच्या मळ्यातल्या माणसांनी ऐकला आणि "गुऱ्हाळावर वाघ आला की काय" म्हणून काठ्या घेऊन बाहेर पडली. तिने एकच घास वाढला. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत लहान घास होता, आणि तो वाढताना तिचे डोळे वाहत होते.

मोबाइलवर घंटा घणघणल्या. किरण देवीच्या मुखावर पोहोचले होते. त्याच क्षणी चुलवणाच्या धुराचा एक लोट आला आणि एरिदानला ठसका लागला. तो खोकला, शिंकला, डोळ्यांतून पाणी गाळत म्हणाला, "हे काय होते आहे मला?"

"जिता झालास," आकाराम म्हणाला. "असंच असतंय. नाकाला पदर धर न्हायतर ओढणी धर, पन जरा बाजूला हो."

एरिदान ज्या नावेतून आला होता तिच्यात रवा ठेवायचा राहिला होता. सारे काठावर गेले. काळी, अरुंद नाव बांधलेली नसूनही जागची हलत नव्हती. एरिदानने रवा तिच्यात ठेवला आणि वाकून नावेलाच सांगितले, "आजोबांना म्हणावे, आखाडात येतो. आता मी राणीसारखा दोन्हीकडचा, मला वाट कधी बंद नाही. हात थकले तर उतारूंना वल्हे धरायला लावा. कोल्हापूरचे असतील तर बोलताबोलता ओढतील."

"आखाडात?" सयाजीराव म्हणाले. "दिवाळीपासनं आखाडापातूर हितं, आनि पावसाळ्यात गावाकडं? अरं, मग ह्यो हंगामी मानूस हाय म्हना की! आपल्या गुऱ्हाळावरची निम्मी मानसं तशीच हाईत. त्यात काय येवढं पुरान सांगत बसलाईस?"

"येवढ्यावर भागलं व्हय?" धोंडुबाईने भावाला दटावले. "राणीला रवा, आनि म्हाताऱ्याला काय? उद्याला व्याही व्हायचा त्यो! आकाराम, पळ, आनिक एक रवा आन. थोरला!"

"आत्ती!" पूर्णिमा म्हणाली.

"काय आत्ती? तूच म्हनालीस न्हवं, ऱ्हा म्हनून? मी म्हनालो न्हाय. माझ्या तोंडावर तर ओढणी हुती."

दुसरा रवा आला. दोन रव्यांच्या वजनाने नाव अंमळ खाली बसली. एरिदानने एका बाजूने आणि पूर्णिमेने दुसऱ्या बाजूने तिला लोटले, आणि ती पाचव्या नदीच्या अंगाने, जिथे कुणाला पाणी दिसत नाही तिथून, निघून गेली. दोघांचे हात अजून पुढे पसरलेलेच होते. ते मागे घेताना एकमेकांना लागले आणि तसेच राहिले.

"ए हंगामी!" मागून सयाजीराव ओरडले. "आधण करपतंय! हात मग धर, आदी जाळ कमी कर!"

दोघे पळाली. हात मात्र त्यांनी सोडले नाहीत.